अडीच किलोची रास

दुपारी दोनला लाईट येते, तशी मी फाईल उघडते.
कळमनुरीचं तालुका आरोग्य कार्यालय,
दारात लसींच्या रिकाम्या खोक्यांवर झोपलेलं कुत्रं,
एका उपकेंद्राची नऊ वर्षांची रजिस्टरं
आणि त्यांतली एक हजार दोनशे शहाऐंशी बाळं.
एक्सेलचा रकाना 'ई' : जन्माचं वजन, ग्रॅममध्ये.

डॉक्टर तय्यबा म्हणाल्या, सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा,
मग आलेख. तो कसा पडतो ते मला सांगा.
सरासरी दोन हजार सातशे दहा.
विचलन चारशे दहा.

प्रसामान्य वितरण मला कॉलेजात कळलं नव्हतं.
कळलं मावशीच्या खळ्यावर, नाव माहीत नसताना :
पाटीतून ओतली की ज्वारी आपणहून रास होते,
मधे उंच, कडांना उतरती,
एखादा दाणा गडगडत पार बांधापर्यंत जातो,
तोही राशीतलाच.
दाण्यांना कुणी सांगत नाही कुठं बसायचं.

माझ्या आलेखात कुणीतरी सांगितलं होतं.

चोवीसशेच्या घरात खड्डा.
तेवीसशेलाही खड्डाच.
आणि बरोबर अडीच हजारावर एक खांब,
सपाट रानात मोबाईलचा टॉवर उभा राहावा तसा.

सूत्र म्हणालं, अडीचच्या खाली
तीनशे एक्क्याण्णव लेकरं असायला हवीत.
रकान्यात एकशे चौऱ्याहत्तर.
सरासरीही ह्याच आकड्यांतून निघालेली,
तिलाही थोडी लबाडी चिकटलीच असणार,
तरी दोनशे सतरा लेकरं गेली कुठं?

कुठंच नाहीत गेली. खांबात उभी आहेत,
एकमेकांच्या खांद्यावर, श्वास धरून.

कुशावर्ता सिस्टरला फोन लावला.
रिटायर झाल्यात, आखाडा बाळापूरला असतात,
मिरच्या कुटत होत्या बहुतेक, आवाजाला ठसका.
"काट्याची स्प्रिंगच ढिली व्हती गं बाई.
आन् चोवीसशे लिवलं की हिंगोलीला न्या म्हणायचं.
गाडी यायची नाही, आली तर माणसं जायची नाहीत,
सासू म्हणायची सुनंचंच अंग खोटं.
मिटिंगीत सायब उभं करून इचारायचे,
तुमच्याच केंद्रात कमी वजनाचे कामून?
मग मी काट्याकडं जरा वाकून बघायची.
वाकून बघितलं की अडीच दिसतंय."

कुटणं थांबलं.
"त्यातली काही गेली असतील का गं?"

मला माहीत नव्हतं.
त्याला दुसरा रकाना लागतो,
तो आमच्याकडं नाही.

पाच वाजता फिल्टर लावून खांब उघडला.
नावं खाली खाली सरकत गेली,
शेख, घुगे, मस्के, पुन्हा शेख,
आणि ओळ सहाशे अकरा :
सुकेशनी संतुक खिल्लारे. मुलगी. २५००.

सुकेशनी मीच.
मुलगी हाताला लागली तेव्हा
तव्यावरून उतरलेल्या भाकरीएवढी गरम
आणि फार तर दोन भाकरींएवढी जड.
आईनं दोन महिने तिला उरावरून खाली ठेवलं नाही,
झोपली तीही बसून, भिंतीला टेकून.
आता ती तिसरीत आहे, शाळेला उशीर झाला की
चप्पल हातात घेऊन पळते.

डॉक्टरांना लिहिलं :
आलेख नीट पडत नाही. अडीचवर गर्दी आहे.
काटे बदलावेत, स्प्रिंगा ढिल्या असाव्यात.
हे खरं आहे. सगळं नाही.

मग ओळ सहाशे अकरावर परत गेले,
२५०० खोडलं,
आणि बोट तसंच राहिलं.
खरा आकडा काय टाकू?
त्या दिवशी काट्याकडं मीही बघितलं होतं,
खाटेवरून,
जरा वाकून.